कापलेले चाळीस सेकंद

३ एप्रिल, गुरुवार

कापलं. चाळीस सेकंद. काल दुपारी चार एकवीसला.

त्याच्याशी बोलणं बंद केलंय. कालपासून. त्याला कळलंय की नाही कोण जाणे — तो तसाही बोलत नाही!

क्रमानं लिहून ठेवते. नाहीतर महिन्याभरानं मला वेगळंच काहीतरी आठवेल आणि मी नवऱ्याला माफबिफ करून बसेन. तसं व्हायला नको.

काल आभाळ सकाळपासून ठणकणाऱ्या दाढेसारखं. दातांच्या दवाखान्यातली माझी पाळी साडेबाराला संपली, धावत घरी. दोघे भाऊ निघालेच होते. हा गाडी चालवतो, भोंगा शेजारी बसून बोलतो. भोंगा म्हणजे माझा धाकटा दीर. माईक नसला तरी चालेल असा आवाज. वादळाच्या मागे गाडी घालायची आणि ते लोकांना घरबसल्या दाखवायचं, हा या दोघांचा उद्योग. मी घरी, मागच्या खोलीत, टेबलावर. पुढे तीन पडदे — गाडीतलं चित्र, रडार, बघणाऱ्यांच्या गप्पा. रस्ता मी सांगायचा. डावीकडे घे, पूल सोड, मागे फिरायची वाट अजून उघडी आहे. माझा आवाज फक्त गाडीतल्या स्पीकरवर जातो. बघणाऱ्यांना ऐकू येतो तो भोंगा.

आणि बघणाऱ्यांना सगळं दीड मिनिट उशिरा दिसतं. लाइव्ह म्हणतो आम्ही, पण मधे नव्वद सेकंदांची फट ठेवली आहे. ती माझीच अट होती. कुणाचं घर पडताना, कुणी रडताना दाखवायचं नाही. तसं काही आलं की मी बटण दाबते आणि तेवढ्या जागेत रडारचा नकाशा जातो. सहा वर्षांत अकरा वेळा दाबलं. कालची बारावी.

नदीकाठचा रस्ता. मागे सोंड जमिनीला टेकलेली — ढगातून खाली उतरतो त्या भोवऱ्याला आमच्या घरात सोंडच म्हणतात. उजवीकडे एकटं घर, पत्र्याचं छप्पर. पुढे मोरी. मोरीपाशी एक म्हातारी. हातात लाल टॉवेल, डोक्यावर धरून हलवतेय. घाबरून नव्हे! बस थांबवतात तसा. खात्रीनं.

गाडी जराशी मंदावली. भोंगा ओरडला, "चल चल चल!" आणि यानं गाडी दाबली. म्हातारी खिडकीतून सरकत गेली. तोंड उघडं, टॉवेल अजून वरच.

माझा हात बटणावर गेला. सवयीनं.

आज घसा पार बसलाय. थांब, थांब म्हणून किती ओरडले असेन! दवाखान्यात पेशंटांना हातवारे करून बसवलं. डॉक्टर म्हणाले, "आज दोघी गप्प — तुम्ही आणि भूल दिलेल्या बाई."

काल संध्याकाळी घरी आला. बूट काढले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "चहा करू तुला?"

चहा!

५ एप्रिल, शनिवार

ती गेली.

पेपरात सहा ओळी. नदीकाठच्या घराचं छप्पर उडालं, एकाहत्तर वर्षांची बाई अंगणाबाहेर पत्र्याखाली सापडली. घरात एकटीच राहत होती. खांब पडून त्या भागातली वीज चार बत्तीसला गेली, म्हणजे सोंड तिथं तेव्हा पोचली. घराची आतली खोली जशीच्या तशी उभी आहे.

चार एकवीस आणि चार बत्तीस. अकरा मिनिटं! गाडीचं मागचं दार उघडायला किती लागतात? एका म्हातारीला हाताला धरून आत बसवायला? तिला गुडघेदुखी असली तरी? दोन मिनिटं धरू. नऊ उरतात. नऊ मिनिटांत हा माणूस शहराच्या वेशीपर्यंत येतो, मला माहीत आहे, मीच रस्ता सांगते!

पेपर त्याच्यापुढे ठेवला. त्यानं सहा ओळी वाचायला पेपरभर वेळ घेतला. मग घडीवर घडी घालून ठेवला.

"काही म्हणायचंय?" मी विचारलं. हे बोलणं नव्हे, उलटतपासणी.

"नाही."

"काहीच?"

"तू जेवलीस का?"

मग खाली जाऊन गाडी धुतली. दोन तास. गच्चीवरून बघत होते. चाकांच्या खाचांतला चिखल जुन्या दात घासायच्या ब्रशनं काढत होता. ब्रश माझ्याच दवाखान्यातून फुकट मिळालेला.

६ एप्रिल, रविवार

त्याचं ताट वाढलं नाही. त्यानं उठून स्वतः वाढून घेतलं आणि माझ्यासाठी पाण्याचा पेला भरून ठेवला. मी तो त्याच्यादेखत कुंडीत ओतला.

९ एप्रिल, बुधवार

भोंगा आला. आल्या आल्या स्वयंपाकघरातला डबा उघडून उभ्यानं खायला सुरुवात. "काय गं वहिनी, घरात कुणी मेल्यासारखे चेहरे करून बसलायत सगळे?"

"मेलंय," मी म्हटलं. "घरात नाही, नदीकाठी."

त्याचा हात डब्यात थांबला. मग मी सोडला नाही त्याला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला मधे बोलायला जागा मिळाली नाही. चल चल म्हणून ओरडणारा तू, म्हटलं. बघणारे नऊ हजारांवर गेले होते ना तेव्हा? मघाशी नऊ, आता साडेनऊ, म्हणून नाचत होतास ना? तेवढ्यासाठी! चित्र चांगलं होतं, मागे सोंड, पुढे रस्ता, मधे एक म्हातारी आली आणि घोटाळा झाला!

त्याचा चेहरा लाल. "वहिनी, तोंड सांभाळ हं. कमाल आहे तुझी! तिथं गाडीत कोण कुणाला काय म्हणत होतं ते तुला—"

"गप रे," हा म्हणाला. दारात उभा होता. कधी आला कळलंच नाही.

"दादा, पण हे असं किती दिवस—"

"गप म्हटलं ना."

भोंगा गप्प झाला. भोंगा! डबा बंद करून जागेवर ठेवला, झाकण नीट लावून, आणि निघून गेला.

भावाभावांचं छान जमतं. एक दाबून नेतो, दुसरा दाबून ठेवतो.

११ एप्रिल, शुक्रवार

आई विचारत होती, "मला एकदा नीट सांग, मी बघते ते खरं केव्हाचं असतं?"

ती आमच्याकडे राहायला आल्यापासून तिचं एक ठरलेलं — मी मागच्या खोलीत, ती पलीकडच्या खोलीत फोन उशीला टेकवून लाइव्ह बघत. मी इकडे "अगं बाई!" म्हणून किंचाळते आणि बरोब्बर दीड मिनिटानं भिंतीपलीकडून आई, "अगं बाई!" पूर्वी आम्ही तिघं यावर पोट धरून हसायचो. हा म्हणायचा, तुमच्या घराण्यात घाबरणंसुद्धा एका पिढीच्या अंतरानं होतं. नव्वद सेकंदांत आई एकदा संडासला जाऊन आली आणि म्हणाली, काही चुकलं नाही माझं.

आज हसू आलं नाही. कपड्यांच्या घड्या घालत होतो आम्ही दोघी. तिच्या हातात त्याचा शर्ट. बाह्या नीट मागे दुमडत म्हणाली, "इतकी तुटून पडू नकोस त्याच्यावर."

"तुला माहीत आहे त्यानं काय केलं?"

"मला इतकंच माहीत आहे की तो जेवत नाहीये."

"ती म्हातारी तुझ्याच वयाची होती, आई."

आईनं शर्ट गादीवर ठेवला. हातानं सपाट केला, परत परत. माझ्याकडे बघितलं नाही. "हो," म्हणाली. "म्हणूनच म्हणते."

जावई म्हणजे डोक्यावर घेऊन नाचायची वस्तू, दुसरं काय!

१४ एप्रिल, सोमवार

बघणाऱ्यांना वास लागलाय. दोन तारखेच्या व्हिडिओखाली रोज नवीन दहा-वीस ओळी.

"चार बावीसला अचानक नकाशा का आला?"

"टेबलवाली झोपली होती, कोपर लागलं बटणाला."

"झोपली नव्हती, भांडी घासत होती."

"काहीतरी लपवताय तुम्ही लोक."

टेबलवाली म्हणजे मी. मला नाव नाही, चेहरा नाही, आवाज नाही. भांडीवाल्याला हाकलला. कोपरवाल्याला हाकलला. लपवताय म्हणणाऱ्यावर बोट ठेवलं, आणि उचललं. तो खरं बोलत होता. मग आणखी राग आला आणि त्यालाही हाकलला. दिवसभरात सत्तावीस. एकेकाला बाहेर काढताना मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू? नवऱ्याला असं बोटानं बाहेर काढता येत नाही.

एक नवखा कुणी होता, शाळकरी असावा. त्याचा प्रश्न एकट्याचाच धड. "रडारवर वादळ जिथे दिसतं तिथेच असतं का?" त्याला नेहमीचं उत्तर लिहिलं. नाही बाळा. रडारचं चित्र तयार होऊन आपल्यापर्यंत यायला पाच-सहा मिनिटं लागतात. रडारवर दिसतं ते शिळं आकाश. कोपऱ्यातली वेळ वाचल्याशिवाय कुणालाही रस्ता सांगायचा नाही.

लिहिताना बरं वाटलं. कुणालातरी काहीतरी नीट शिकवल्यासारखं.

१७ एप्रिल, गुरुवार

निरोप आला. दवाखान्यात फोनवर वाचला. समोर एक गृहस्थ गाल धरून उभे होते, त्यांना नंबर द्यायचा राहिला. जसाच्या तसा उतरवून ठेवते —

"नमस्कार. दोन तारखेला मी तुमचं लाइव्ह बघत होते. औषधांच्या दुकानात काम करते. तुमची गाडी नदीच्या रस्त्याला लागलेली दिसली. त्या रस्त्यावर माझी आई एकटी राहायची. मी तिला फोन केला, बाहेर ये, मोरीपाशी उभी राहा, निळी गाडी येतेय, हातात काहीतरी लाल घे. म्हटलं, गाडी येईपर्यंत हलू नकोस. मग फोन लागेना. तुमच्याकडे एकदम नकाशा आला. नकाशा गेला तेव्हा गाडी मोरीच्या बरीच पुढे होती. कुणी म्हणतं तुमचं लाइव्ह मागे असतं. मग मी तिला सांगितलं तेव्हा गाडी किती जवळ होती ते मला कळत नाही. एवढंच विचारायचंय. माझी आई वेळेवर पोचली होती का?"

गृहस्थ म्हणाले, "बाई, बरं नाही का?"

१८ एप्रिल, शुक्रवार

उत्तर दिलं नाही. काय देऊ? "हो, पोचली होती, आमच्यांनी गाडी दाबली"?

२१ एप्रिल, सोमवार

आज ते दोघे परत निघाले. आभाळ भरलं होतं, हवामानखात्याचा इशारा होता. मी म्हटलं, मी बसणार नाही टेबलावर. तो म्हणाला, "बरं." तेवढंच! गाडीची किल्ली घेऊन जिना उतरला. आंधळा जाणार होता! शेवटी बसलेच. मेला तर माझ्या माथी नको. पण एक शब्द जास्त बोलले नाही. "डावीकडे. सरळ. तीन किलोमीटर. उजवीकडे." गावाचा नकाशा वाचणाऱ्या यंत्रासारखं.

सोंड उतरलीच नाही. नुसत्या गारा. पण त्यानं काय केलं — एक माणूस टायर बदलत होता, त्याच्यापाशी थांबला. सायकल हातात धरून चाललेल्या दोन बायका दिसल्या, तिथं थांबला, सायकली मागे बांधून दोघींना घरी सोडलं. पुढे एक कुत्रं झाडाखाली कुडकुडत उभं होतं. तिथंही थांबला! भोंगा चकार शब्द न बोलता खाली उतरला आणि कुत्रं मागच्या सीटवर टाकलं. बघणारे वैतागले. "वादळ दाखवा, पाहुणे नको." "ही काय टॅक्सी आहे का?"

नाटक. उशिरा सुचलेलं.

एक मात्र लक्षात आलं. पूर्वी रस्त्यात काहीही असलं की तो विचारायचा. "थांबू का? वेळ आहे?" सहा वर्षं प्रत्येक वेळी विचारलं. मी रडार बघून हो-नाही सांगायची. आज एकदाही विचारलं नाही. ब्रेक लावला आणि उतरला. मला विचारायचंच नाही असं ठरवलंय वाटतं. बरोबरच आहे. मी आता शत्रूपक्षात.

आई पलीकडे कुत्र्याला दीड मिनिट उशिरा म्हणाली, "बिचारं गं!"

कुत्रं घरी आलंय. याच्या पायाशी झोपलंय. त्यालाही माणसं ओळखता येत नाहीत.

२४ एप्रिल, गुरुवार

तिनंच फोन केला. माझा नंबर कुठून मिळवला देव जाणे. आवाज दुकानातल्यासारखा, गिऱ्हाईकाशी बोलावं तसा, न चढणारा.

"ताई, तुम्ही टेबलावर असता ना?"

हो म्हटलं.

"मग तुम्हाला सगळं आधी दिसतं."

हो म्हटलं.

"माझा भाऊ म्हणतो, आतली खोली उभी आहे. ती खोलीत बसली असती तर आज असती. तू तिला बाहेर काढलंस." मधे कुणीतरी तिच्याकडे खोकल्याचं औषध मागितलं. तिनं ते काढून दिलं, जेवणानंतर दोन चमचे म्हणून सांगितलं, आणि परत फोनवर आली. "दारापासून मोरीपर्यंत तिला चार-पाच मिनिटं लागायची, ताई. गुडघे. मी तिला पळ म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा आईला पळ म्हटलं मी."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"ती उशिरा पोचली असेल तर गाडी आधीच गेली होती, आणि ती गेलेल्या गाडीची वाट बघत तिथं उभी राहिली. कारण मी हलू नको म्हटलं होतं. ती माझं ऐकायची. मला तेवढंच कळू दे. वाईट असलं तरी चालेल. घरात कुणी माझ्याशी बोलत नाही. वाईट असलं तरी ते एक काहीतरी ठरेल."

मी म्हटलं, बघते, सापडतंय का. सापडतंय का! पंधरा-वीसदा बघून झालंय माझं. भोंग्याचं चल चल चल, म्हातारी, टॉवेल.

फोन ठेवताना ती म्हणाली, "तुम्ही दुखणं दाखवत नाही म्हणून मी तुमचं बघायचे."

न्हाणीघरात जाऊन बसले. नळ सोडून.

ही बाई रोज औषधं मोजून देते आणि हिला आपल्या आईला आपण मारलं असं वाटतंय. आणि ज्यानं दाबली, तो बाहेर कुत्र्याचे केस विंचरतोय!

२६ एप्रिल, शनिवार

सांगितलं त्याला. उभ्यानंच.

"ते चाळीस सेकंद मी तिच्या मुलीला देणार आहे."

तो खुर्चीत बसला होता. कुत्रं उठून माझ्या आणि त्याच्या मधे आलं. "दे," म्हणाला.

मला वाटलं होतं भांडेल. भांडायला हवा होता. माझं सगळं भाषण तयार होतं. "दे? इतकं सोपं? लोक तोंडावर थुंकतील तुझ्या."

"थुंकू देत. तिला कळायला हवं. मीही तेच म्हणणार होतो. फक्त —" इथं तो थांबला. नखाशी खेळला. आमच्या लग्नाच्या आधी मागणी घालताना असाच नखाशी खेळला होता, आणि मला इतकं आवडलं होतं ते! "फक्त आवाज काढून दे."

"काय?"

"चित्र दे. म्हातारी दिसते, टॉवेल दिसतो, वेळ दिसते. गाडी थांबली नाही हे दिसतं. गाडी मी चालवत होतो. पुरे आहे तेवढं. आवाज नको."

मी हसले. मलाच भीती वाटली त्या हसण्याची. "म्हणजे चित्रात नुसती गाडी, आणि तुम्ही दोघं काय बरळलात ते कुणी ऐकायचं नाही! चेहरा द्यायला तयार, जीभ नाही!"

"एवढं एक ऐक माझं."

"तिची आई ऐकायची तिचं. काय झालं?"

तो पांढरा पडला. खरंच. मग म्हणाला, अगदी हळू, "मी परत कधी काही मागणार नाही. आवाज नको."

इतकं मागणं त्यानं कधी कशासाठी केलं नव्हतं. नोकरी सोडताना नाही, गाडीसाठी नाही. स्वतःची लाज झाकायला बरी भाषा सुचते!

आई दाराशी आली होती. "त्याचं ऐक," म्हणाली.

"तू यात पडू नकोस, आई!"

ती गेली. तिच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला. ते दार ती कधी लावत नाही.

ठरलं. आवाज जाणार. सगळाच्या सगळा.

२७ एप्रिल, रविवार

दुपारी टेबलावर बसले. घरात शांतता. तो कुत्र्याला घेऊन बाहेर. मुद्दाम गेला असेल.

फाइलमध्ये आवाजाच्या तीन पट्ट्या असतात. पहिली भोंग्याच्या माईकची. फाइल उघडली की तीच वाजते. दुसरी गाडीत छताला लावलेल्या माईकची. तिसरी टेबलाची, म्हणजे मी इथून बोलते ती. बाकी दोन्ही मुद्दाम चालू कराव्या लागतात. दुसरी गरज पडली की उघडते. तिसरी सहा वर्षांत एकदाही नाही. मला माझा आवाज ऐकवत नाही. शाळेतल्या स्नेहसंमेलनाची कॅसेट ऐकल्यापासून.

तिच्या मुलीला द्यायचं म्हणजे बिनचूक हवं. शब्दन् शब्द. म्हणजे भोंग्यानं चल म्हटल्यावर यानं काय म्हटलं तेही. दुसरी पट्टी चालू केली.

इंजिन. पत्र्यावर वाळू पडावी तसा पाऊस. कशाचातरी खडखड. मग तो. शांत. सहा वर्षं ऐकतेय तोच आवाज.

"म्हातारी आहे एक. थांबू का? वेळ आहे?"

गाडी मंदावते. तीन सेकंद. कुणीतरी बोलतंय, पण स्पीकरमधून, खरखरत, शब्द कळत नाहीत.

मग परत तो. "अगं, एकटी आहे. दहा सेकंद लागतील. थांबतो."

परत खरखर. मोठी. मग भोंगा, चल चल चल.

तिसऱ्या पट्टीचं बटण तिथंच आहे. कधीचं बघत बसलेय त्याच्याकडे. खाली कुत्रं भुंकलं, म्हणजे ते आले परत.

२८ एप्रिल, सोमवार

"नको! थांबू नकोस! डोक्यावर आलंय तुमच्या!" आणि दुसऱ्यांदा, घसा फाटेपर्यंत, "मी सांगते ना! मला दिसतंय! निघ!"

रडारची वेळ बघितली. मी ते म्हणाले तेव्हा पडद्यावर चार पंधराचं चित्र होतं. कोपऱ्यात लिहिलेलं असतं. त्यात मोरीवर दिसत होता तो ढग तोवर नदीपार गेला होता, सोंड अजून अकरा मिनिटं मागे.

आईला विचारलं, तू ऐकलं होतंस? दीड मिनिट उशिरा नव्हे, तेव्हाच? म्हणाली, "भिंत पातळ आहे गं."

तिन्ही पट्ट्या पाठवल्या. खाली लिहिलं — तिसरा आवाज माझा आहे. गाडी थांबत होती. तुमची आई वेळेवर पोचली होती.